दहाच्या आत खिडक्या

इटलीतल्या बोलोन्या शहरातल्या पहिल्याच सकाळी मी खोलीच्या दोन्ही खिडक्या सताड उघडल्या आणि चहाचं आधण ठेवलं. जुलैचा पहिला आठवडा होता. बोरिवलीत वाढलेल्या माणसाला उकडायला लागलं की हात आपोआप खिडकीकडे जातो. वारा आलाच तर तिथूनच येणार. दहाला पाच मिनिटं कमी असताना दारावर टकटक झाली. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकीणबाई होत्या. वय पंचाहत्तरच्या पुढचं, केस नीट विंचरलेले, हातात भाजीची पिशवी. ‘पेर्मेस्सो,’ म्हणाल्या, म्हणजे ‘येऊ का आत?’ मी ‘या’ म्हणेपर्यंत त्या स्वतःच्याच घराच्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. मग सरळ खिडकीशी गेल्या आणि बाहेरच्या लाकडी झडपा ओढून घेतल्या. आधी एक खिडकी, मग दुसरी. खोलीत अंधार झाला. फटींतून आलेल्या उन्हाच्या आडव्या रेघा फरशीवर उमटल्या.

‘दहाच्या आत बंद करायच्या,’ त्या म्हणाल्या. ‘संध्याकाळी सातनंतर उघडायच्या.’

मला अमरावतीची आजी आठवली. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मुंबईची नातवंडं गेलो की आजी सकाळी याच सुमारास घरभर फिरून दारं-खिडक्या लावायची, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायची, आणि आम्ही कुरकुर केली की म्हणायची, ‘ऊन आत आलं की रात्रीपर्यंत जात नाही बाबा.’ बोलोन्यातल्या बाई अक्षरशः हेच वाक्य बोलल्या, फक्त इटालियनमध्ये. त्या अर्ध्या अंधारात चहा पिताना मला पहिल्यांदा वाटलं की आपण खरोखर कुठेतरी येऊन पोहोचलो आहोत.

इटलीला मी त्याआधी एकदा जाऊन आले होते. दहा दिवसांत सहा शहरं. रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस, पिसाचा मनोरा, सगळं पाहिलं आणि ते सुंदरच होतं. पण परतल्यावर ध्यानात आलं, की त्या दहा दिवसांत एकाही इटालियन माणसानं मला ‘असं करू नका’ म्हणून सांगितलं नव्हतं. सगळे हसून पुढची वस्तू, पुढचं ताट, पुढचं तिकीट देत होते. पाहुण्याला कोणी टोकत नाही. घरातल्याला टोकतात. ती गोष्ट मनात राहून गेली. वर्षभर थोडीफार भाषा शिकले, साठलेली रजा एकत्र केली आणि २०२४च्या जुलैत सहा आठवड्यांसाठी एकाच शहरात येऊन राहिले.

बोलोन्या निवडण्याचं कारण साधं होतं. तिथं लोक राहतात. विद्यापीठाची परंपरा १०८८पासून सांगितली जाते, त्यामुळे विद्यार्थी आहेत, त्यांच्यावर चालणाऱ्या खाणावळी आहेत, दुरुस्तीची दुकानं आहेत, आणि दुपारी भाजीच्या पिशव्या घेऊन घरी जाणाऱ्या आज्या आहेत.

‘स्थानिकांसारखं राहा’ असा सल्ला प्रवासावर लिहिणारे सगळेच देतात आणि पुढे कोपऱ्यातल्या, कुणाला माहीत नसलेल्या जागांची यादी जोडतात. मीही तशी यादी घेऊन गेले होते. चार-पाच दिवसांत ती वहीत मिटून ठेवली, कारण मला जे शिकायचं होतं ते जागांचं नव्हतंच. इथे प्रत्येक गोष्टीला एक वेळ आहे आणि ती वेळ सगळं गाव मिळून पाळतं. त्या वेळांत शिरता आलं तर गावात शिरता येतं.

सुरुवात कॉफीपासून झाली. कोपऱ्यावरच्या बारमध्ये (इटलीत बार म्हणजे मुळात कॉफीचं दुकान) सकाळी सव्वासातला लोक काउंटरला टेकून उभे असतात. उभ्यानं प्यायलात तर एक भाव, टेबलाशी बसलात तर चढा. नुसतं ‘उन काफ्फे’ म्हटलं की एस्प्रेसोच येते. दोन-तीन घोट, पैसे, ‘बोना जोर्नाता’, की माणूस बाहेर. कापुच्चिनो सकाळचा. दूध घातलेली कॉफी हा त्यांचा नाश्ता आहे. जेवणानंतर ती मागणं त्यांना पोटाशी खेळल्यासारखं वाटतं. परदेशी लोक या नियमाची बरीच चर्चा करतात. मला त्याचं नवल वाटलं नाही. रात्री दही खाऊ नये, ताक दुपारी प्यावं, फणसावर पाणी पिऊ नये, हे ऐकत मी मोठी झाले. कुठलं अन्न कोणत्या प्रहरी, हे ठरलेलं असण्यात एक काळजी आहे आणि ती मला ओळखीची होती.

नवव्या दिवशी बारमधल्या माणसानं मी काही बोलायच्या आत कप समोर ठेवला. ‘नेहमीचं,’ म्हणाला. पुढच्या आठवड्यात एक दिवस मी आगगाडीनं राव्हेन्नाला गेले, तर दुसऱ्या सकाळी त्यानं विचारलं, ‘काल आला नाहीत?’ हजारो मैलांवरच्या एका गावात माझी गैरहजेरी कोणाच्या तरी लक्षात आली होती. मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. राव्हेन्नाची मोझेक चित्रं अप्रतिम आहेत, आवर्जून पाहावीत अशी. पण घरी पत्र लिहिलं ते या प्रश्नाबद्दल.

दुपारी एक ते चार बरीच छोटी दुकानं मिटलेली असतात. प्रवासी वैतागतात. मीही पहिल्या आठवड्यात चप्पल दुरुस्तीसाठी दोनदा हेलपाटा घातला. मग वाचनात आलं, की इटलीत कित्येक शतकं दिवसाचे चोवीस तास सूर्यास्तापासून मोजत. चोवीस वाजले म्हणजे दिवस मावळला. घड्याळाकडे पाहिलं की उजेड किती शिल्लक आहे ते थेट कळे. शेतकऱ्याला, वाटसरूला तेवढंच हवं असे. आपली तिथी सूर्योदयाला धरून चालते, घटका-पळं त्याच हिशेबानं मोजली जात, त्यामुळे हे मला चटकन भिडलं. नेपोलियनच्या काळात ती पद्धत गेली. पण मोठ्या चौकातल्या सान पेत्रोनियो चर्चच्या फरशीवर आजही जवळजवळ ६७ मीटर लांबीची एक रेघ आहे. छताच्या भोकातून येणारा सूर्याचा कवडसा मध्यान्हीला त्या रेघेवर पडतो. १६५५ साली कास्सिनी या खगोलशास्त्रज्ञानं ती आखली. ज्या गावानं आपली दुपार देवळाच्या जमिनीत कोरून ठेवली, तिथं दुपारी दुकान उघडं नाही म्हणून मी तक्रार करावी, हे मलाच पटेना. मग मीही झडपा ओढून पडू लागले.

स्वयंपाकघरात वेळ आणखी बारीक होत जाते.

मी बाईंना तोर्तेल्लिनी शिकवा म्हणाले. बोलोन्याला जाऊन तोर्तेल्लिनी न शिकता परतायचं म्हणजे काय! बाईंनी माझ्याकडे पाहिलं ते आषाढात कोणी संक्रांतीची गुळपोळी मागावी तसं. तोर्तेल्लिनी खायची ती गरम ब्रोदोत, कोंबड्याच्या कढणात. डुकराचं मांस, प्रोश्युत्तो, मोर्तादेल्ला, पार्मेजानो चीज आणि जायफळ घातलेलं सारण, आणि करंगळीच्या टोकावर वळवलेली एवढीशी घडी. ते नाताळचं. थंडीचं. घरातली सगळी टेबलाभोवती बसून शेकड्यांनी वळतात. रेस्तराँत बारा महिने मिळतात हे त्यांनाही माहीत होतं. ‘मिळतात,’ त्या म्हणाल्या, आणि तो विषय तिथं संपला. आपण स्फोल्या लाटू.

स्फोल्या म्हणजे पास्त्याची पातळ पोळी. शंभर ग्रॅम मैद्यासारख्या बारीक पिठाला एक अंडं, पाणी नाही. लाकडी पाटावर पिठाचं आळं करायचं, मध्ये अंडी फोडायची, काट्यानं कडेकडेनं पीठ ओढत मळायला घ्यायचं. तळहाताच्या टाचेनं दहा-पंधरा मिनिटं. मग गोळ्यावर वाडगा पालथा घालून अर्धा तास विश्रांती. माझा हात तिकडे वळला तर बाई म्हणाल्या, ‘झोपलंय ते.’ पुरणपोळीची कणीक भिजू देताना आई हाच शब्द वापरत नसे, पण आवाज तोच होता.

लाटणं, मात्तारेल्लो, हातभर लांब. पोळपाट नाही. गोळा लाटता लाटता पोळी पाटापेक्षा मोठी होते, तेव्हा तिची खालची कड पाटाच्या धारेवरून पोटाशी लोंबू द्यायची, वरची लाटण्यावर गुंडाळायची, आणि दोन्ही तळवे मधून कडेला सरकवत उलगडायची. वजनानं ती आपोआप ताणली जाते. माझे हात चपातीच्या वळणाचे. मी दाब देऊन गोल फिरवू पाहत होते. बाईंनी मागून येऊन माझ्या मनगटांवर हात ठेवले. दाबू नकोस, ढकल. खानदेशात हातावर मांडे करणाऱ्या बायका मी लहानपणी एका लग्नात पाहिल्या होत्या. पीठ स्वतःच्याच वजनानं पातळ होऊ देण्याची ती कला इतक्या लांब पुन्हा भेटेल असं वाटलं नव्हतं. स्फोल्या किती पातळ हवी? पोळी खिडकीसमोर धरली की पलीकडे सान लुका दिसली पाहिजे, असं बोलोन्यात म्हणतात. सान लुका म्हणजे गावाबाहेरच्या टेकडीवरचं मातेचं देऊळ.

त्या पोळीची सुरळी करून कापलेल्या पट्ट्या म्हणजे तालियातेल्ले. शिजल्यावर पट्टी ८ मिलिमीटर रुंद भरायला हवी. हे माप १९७२मध्ये बोलोन्याच्या व्यापार मंडळात रीतसर नोंदवलेलं आहे, सोन्याच्या पट्टीसकट. आणि ते आझिनेल्ली या ९७ मीटर उंच मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७०वा भाग म्हणून सांगतात. मी ही माहिती मोठ्या हौसेनं बाईंना सांगितली. त्यांनी सुरी माझ्या हाती दिली. ‘काप,’ म्हणाल्या.

इथं मी थबकले. एवढे दिवस बाई मला ‘लेइ’ म्हणत, म्हणजे ‘तुम्ही’. मीही त्यांना. इटालियनमध्ये ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतलं अंतर मराठीइतकंच खरं आहे. इंग्रजीच्या सवयीनं ते विसरायला होतं, पण मराठी कानाला ते लगेच टोचतं. पीठ मळताना बाई नकळत एकेरीवर आल्या होत्या. काप, ढकल, दाबू नकोस. त्यांच्याही ते लक्षात आलं. सुरी पुसत म्हणाल्या, ‘तूही मला तू म्हण.’ मला जमलं नाही. त्या आजीच्या वयाच्या होत्या. मी त्यांना सांगितलं, की आमच्याकडे आजीला ‘तू’ म्हणतात, पण दुसऱ्याच्या आजीला नाही. त्यांनी विचार केला. मग म्हणाल्या, की त्यांच्या आईला तिच्या आईवडिलांशी ‘व्होइ’ म्हणून, आदरानंच बोलावं लागे. त्या दुपारी आम्ही सर्वनामांवर जितकं बोललो तितकं आणखी कशावरही बोललो नसू. शेवटपर्यंत त्या मला ‘तू’ म्हणाल्या आणि मी त्यांना ‘तुम्ही’. दोघींनाही ते बरोबर वाटलं.

संध्याकाळी सातला झडपा उघडत. रस्त्यानं एकापाठोपाठ एक त्यांचा खटखट आवाज येई आणि मग माणसं खाली उतरत. पास्सेज्जाता. जेवणाआधीचं हिंडणं. आपली शतपावली जेवण पचवण्यासाठी. यांचं हिंडणं माणसं भेटण्यासाठी. त्यासाठी कपडे बदलतात, केस विंचरतात. माझ्या शेजारचे एक आजोबा त्या उकाड्यातही इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून निघत. कुठं पोहोचायचं नसतं. दहा पावलं, एक ओळखीचा चेहरा, थांबणं, पुन्हा दहा पावलं.

बोलोन्याला हे हिंडणं शोभतं, कारण गावभर कमानींच्या पडव्या आहेत. पोर्तिको. सगळ्या मिळून सुमारे ६२ किलोमीटर, त्यातल्या ३८ जुन्या गावात. २०२१मध्ये त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. मध्ययुगात विद्यार्थी आणि मजूर वाढले, घरं पुरेनात, तेव्हा लोकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढं काढले आणि खाली खांब दिले. इतरत्र अशी बांधकामं पाडायला लावली. बोलोन्यानं १२८८मध्ये उलटा कायदा केला: नव्या घराला पडवी हवीच, आणि घोड्यावरचा माणूस खालून जाईल इतकी उंच हवी. पडवीची जमीन घरमालकाची, डागडुजी त्याची, वावर मात्र सगळ्यांचा. मला हे फार मोलाचं वाटतं. घराची ओसरी गावाला वापरू द्यायची, आणि ते सातशेहून जास्त वर्षं निभावायचं! पाऊस असो, ऊन असो, माणसं एकमेकांना भेटत राहिली.

माझं घर सारागोत्सा वेशीजवळ होतं, सान लुकाला जाणारी पडवी तिथूनच सुरू होते. जवळपास ३.८ किलोमीटर, ६६६ कमानी. सतराव्या शतकात ती बांधताना गावकऱ्यांनी रांग लावून हातोहात सामान टेकडीवर पोहोचवलं. आषाढी एकादशीला, १७ जुलैला, मी उपाशीपोटी ती चढून गेले. बाईंना कारण सांगितलं. पंढरपूर, वारी, विठोबा. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की पायी जातात ना? मग ठीक.

गावात तेव्हा ट्रामसाठी रस्ते खणलेले होते. प्रत्येक खड्ड्याच्या कुंपणाशी दोन-तीन निवृत्त आजोबा, हात पाठीमागे बांधून. बोलोन्याच्या बोलीत यांना ‘उमारेल’ म्हणतात आणि हा शब्द आता इटालियन शब्दकोशात गेला आहे. मी एकाशेजारी जाऊन उभी राहिले. त्यांनी मला पाण्याच्या वाहिन्या दाखवल्या, कामगार कुठे चुकताहेत ते सांगितलं आणि म्हणाले, ‘ट्राम होतीच आमच्याकडे. १९६३ला काढली.’ माझे बाबा मुंबईची ट्राम गेली ते नेहमी सांगायचे, १९६४च्या मार्चमध्ये. मी ते आजोबांना सांगितलं. त्यांनी कुंपणावरचा हात काढून माझ्याशी हात मिळवला.

जुलै संपताना बाई म्हणाल्या, ‘शुक्रवारी नऊला खाली ये. बंद बूट घाल, चालायचं आहे.’ शुक्रवार म्हणजे २ ऑगस्ट. मला माहीत होतं आणि मी विचारलं नाही.

२ ऑगस्ट १९८०, शनिवार. सुट्ट्यांचा पहिला शनिवार, स्टेशन माणसांनी भरलेलं. दुसऱ्या वर्गाच्या प्रतीक्षालयात ठेवलेल्या बॉम्बचा स्फोट झाला. ८५ माणसं गेली, २००हून जास्त जखमी झाली. सगळ्यांत लहान मुलगी तीन वर्षांची. नवफासिस्ट दहशतवाद्यांना पुढे शिक्षा झाल्या. खटले मात्र दशकानुदशकं चालले. वेळ सकाळचे १०.२५.

आम्ही मोठ्या चौकाजवळून मोर्चाबरोबर निघालो. पुढे मृतांचे नातेवाईक, मागे गावोगावच्या नगरपालिकांचे झेंडे, मग आम्ही सगळे. नातेवाईक जात तेव्हा दोन्ही बाजूंच्या पडव्यांतली माणसं टाळ्या वाजवत. इटलीत शवपेटी नेतानाही टाळ्या वाजवतात. पहिल्यांदा ऐकताना अंगावर येतं. आपल्याकडे अशा वेळी फक्त पावलांचा आवाज असतो. बाई टाळ्या वाजवत होत्या आणि त्यांचा चेहरा जराही हलत नव्हता. स्टेशनसमोर हजारो माणसं थांबली. गाडीची शिट्टी झाली. मग काहीच नाही. ऑगस्टच्या उन्हात एवढा मोठा चौक आणि एक मिनिटभर कशाचाही आवाज नाही.

स्टेशनच्या भिंतीवरचं घड्याळ १०.२५ दाखवतं. नेहमीच. त्याची गोष्ट विलक्षण आहे. स्फोटानंतर ते दुरुस्त केलं होतं आणि पुढची सोळा वर्षं ते नीट चालत होतं. १९९६मध्ये बिघडलं तेव्हा ते कायमचं १०.२५ वर ठेवायचं ठरलं. पण संशोधकांनी गावकऱ्यांना विचारलं तेव्हा बहुतेकांनी ठामपणे सांगितलं, की ते १९८०पासून थांबलेलंच आहे. रोज त्याच्याखालून जाणाऱ्यांनीसुद्धा. त्यांच्या डोळ्यांना ते चालताना दिसलंच नव्हतं.

परत येताना बाई पडवीत एका खांबापाशी थांबल्या. ‘सदतीस नंबरची बस मी पाहिली होती,’ म्हणाल्या. ‘खिडक्यांना पांढऱ्या चादरी.’ रुग्णवाहिका पुरेनात तेव्हा त्या बसमधून मृतांना नेलं होतं. पुढे त्या काही बोलल्या नाहीत. घरी येऊन त्यांनी झडपा तपासल्या. साडेअकरा वाजले होते, खिडक्या निघतानाच मिटलेल्या होत्या.

११ जुलै २००६च्या संध्याकाळी बाबा पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये होते. रात्री साडेदहाला ते चालत घरी आले तोवर आई दारातच उभी होती. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा नेहमीच्या गाडीनं कामाला गेले. आमच्या घरात तो दिवस बोलला जातो, पण मिनिट मला ठाऊक नव्हता. त्या रात्री अंधाऱ्या खोलीत मी तो शोधला. पहिला स्फोट ६.२४.

त्यानंतरच्या आठवड्यात गाव रिकामं होऊ लागलं. दुकानांच्या शटरवर हातानं लिहिलेले कागद: सुट्टीनिमित्त बंद. बारवाला म्हणाला, ‘सप्टेंबरात भेटू,’ आणि मग आठवून नुसताच हसला. बाई समुद्रावर रिमिनीला बहिणीकडे निघाल्या. जाताना खालच्या घराची किल्ली माझ्या हाती दिली. तुळशीच्या जातीचं बाझिलिकोचं झाड गॅलरीत आहे, त्याला संध्याकाळी पाणी. आणि खिडक्यांचं माहीतच आहे. चार दिवस मी दोन्ही मजल्यांच्या झडपा लावत होते. दहाच्या आत.

निघायच्या दिवशी किल्ली सांगितल्याप्रमाणे शेजारच्या आजोबांकडे ठेवली आणि स्टेशनवर आले. दाराबाहेर दोन तरुण मुली पाठीवर सॅक घेऊन उभ्या होत्या. एकीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग फोनकडे, आणि दुसरीला इंग्रजीत म्हणाली, ‘बंद पडलंय हे.’

माझी गाडी सुटायला अजून वीस मिनिटं होती. मी बॅग खाली ठेवली.